नरसिंग मारोती, वय ५०

ता. ४ डिसेंबर, गुरुवार

सकाळच्या कॉम्प्युटरच्या बॅचला डिक्शनरी घेतली. उदाहरण दरवर्षीचंच, पिठाच्या गिरणीतले डबे. डब्यावरची चिठ्ठी म्हणजे ‘की’, किल्ली; आतलं पीठ म्हणजे व्हॅल्यू. चिठ्ठी ही स्ट्रिंग, डब्यात मात्र काय वाट्टेल ते ठेवा, आख्खा ऑब्जेक्ट ठेवा. नाव सांगा, डबा घ्या, सगळी रांग धुंडाळायची गरज नाही. पोरी हसल्या. गंगाखेडात सी शार्प असं समजावून सांगणारी मीच, त्यामुळे थोडा माज आहेच.

दुपारी डॉ.चा फोन. माझ्या माहेरी, पोखर्णीच्या अलीकडं, रक्ततपासणीचा कॅम्प त्यांनी घेतला होता, नोंदींचा प्रोग्राम माझा; कॅम्पचा अहवाल पाठवायचाय म्हणे. "लॅबवाले ३१६ नमुने म्हणायलेत, तुमच्या प्रोग्रामात ३०९ माणसं दिसतात. कोणता आकडा लिहू?" मी म्हणलं, काही जणांनी दोनदा नाव लिहिलं असंल, चहा-बिस्किटाच्या नादात. डॉ. हसले. मीपण हसले.

फोन ठेवल्यावर डोक्यात आलं, बिस्किटासाठी सुई दोनदा कोण टोचून घेईल?

ता. ५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी क्लास उघडायच्या आधीच बसले. दहा मिनिटांत सापडलं. सापडलं म्हणजे काय, मला ठाऊकच होतं. हातानं केलेलं कसं विसरंल माणूस.

रिपोर्टच्या चिठ्ठ्या वाटायचा तो सोमवार. शाळेच्या पटांगणात सकाळपासून माणसं बसलेली, प्रिंटर लावलेला, डॉ. घड्याळ बघायलेले. प्रोग्राम यादीच्या १८८ व्या ओळीवर जाऊन बंद पडायचा. परत लावला, परत तिथंच. लाल अक्षरात तेच वाक्य: ही की आधीच आहे. कुणीतरी म्हणलं, "ताई, तुमचं मशीन बी गावठीच हाय की." सगळे हसले. मला लय राग आला. नवा डबा ठेवायची ॲड ही आज्ञा मी काढली अन् तिच्या जागी चौकटी कंस टाकला. ॲड कुरकुर करतं, कंस करत नाही. की आधी असली तर जुनं टाकून देतो, नवं ठेवतो, तोंडातून अवाक्षर नाही. धडाधड चिठ्ठ्या निघाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या.

की काय ठेवली होती? नाव, वडलांचं नाव, आडनाव. तिन्ही जोडून एक स्ट्रिंग. मला वाटलं तीन गोष्टी जोडल्या, आता कोण सारखं निघतंय. अन् हे आमच्या गावात! नरसिंहाच्या पायाशी गाव, घरटी एक नरसिंग, अर्ध्या गावाचं आडनाव एक. मी तिथंच जन्मले, मला कळायला नको?

आत्ता नमुना नंबर की करून चालवलं. ३१६. म्हणजे सात जण पुसले गेले होते. सातही काढले. सहा जणांचं सगळं ठीक, सहाव्यापर्यंत माझा जीव जरा भांड्यात पडला होता.

सातवा. नमुना नं. ४१. क्रिएटिनिन ६.८.

कॅम्पच्या फलकावर लिहिलेलं आठवतंय, किडनीचा हा आकडा १.३ च्या वर गेला तर डॉ.ना भेटा.

त्याच दिवशी, दुपारी

अजून कुणालाच फोन केला नाही. बॅचला सुट्टी दिली, डोकं दुखतंय सांगितलं. दार लावून बसलेय.

लॅबची मूळ फाईल पहिल्यांदाच उघडून बघितली. ती ओळ त्यांनी लाल करून पाठवलेली. मी फाईल उघडलीच नव्हती, प्रोग्रामनं परस्पर वाचली होती. प्रोग्रामला लाल रंग कुठं दिसतोय. डॉ.नी "ज्यांचं वाढलंय त्यांची यादी द्या" म्हणलं, तीपण मी डिक्शनरीतूनच काढून दिली. त्यात हा माणूस नाहीच.

रजिस्टर माझ्याच अक्षरात. ४१, नरसिंग मारोती, वय ५०. १८८, नरसिंग मारोती, वय ५०. वय विचारलं की आमच्या गावात चाळीस, पन्नास, साठ. मधलं वय कुणाचं नसतंच.

दोघांना मी लहानपणापासून ओळखते. एक पानटपरीवाला, एक मेंढरंवाला. भावकीतलेच. गावात कुणी नुसतं नरसिंग म्हणत नाही, टपरीचा नरसिंग, मेंढराचा नरसिंग. नाव लिहिताना दोघंही तसंच सांगायलेले. मीच म्हणलं, "काका, गावातलं नको, कागदावरचं नाव सांगा." जे एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळं करतंय तेवढंच मी लिहू दिलं नाही. शिकलेली ना मी.

दोघांच्या हातात एकच चिठ्ठी आहे, ०.९ वाली. दुसऱ्यानं माझी आली नाही म्हणल्यावर मी नाव टाकून परत छापून दिली होती. वर "काही काळजी नाही काका" असंही म्हणले.

वाटप होऊन अकरा दिवस झाले. अकरा.

ता. ६ डिसेंबर, शनिवार

सकाळी आठला डॉ.ना फोन. काल का नाही केला? भ्याले म्हणून. क्लास बंद पडंल, लोक तोंडावर थुंकतील, पोलीस येतील, हेच सगळं डोक्यात. तो माणूस डोक्यात नंतर आला. हे इथं लिहून ठेवते, दुसरीकडं कुठं लिहायची हिंमत नाही.

डॉ.ना म्हणलं, "छपाईत गडबड झालीय सर." खोटं नाही, खरंही नाही. आकडा सांगितल्यावर त्यांनी तो परत म्हणायला लावला. मग म्हणाले, दोघांचं आजच्या आज परत रक्त घ्या, अन् सहा पॉइंट आठवाला जो निघंल त्याला एक दिवसही घरी ठेवू नका. असा माणूस चालता-बोलता दिसतो, अन् एखाद्या दिवशी काळीजच बंद पडतं.

विलासला (नवऱ्याला) सगळं सांगितलं. तो ओरडला नाही, गाडीची चावी घेतली. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

टपरीचे काका बाकड्यावर बसून सुपारी कातरायलेले. रक्त द्यायला तयारच, "दोनदा मोफत, चांगलंय की." संध्याकाळी पाचला लॅबचा फोन, १.०. ठणठणीत.

म्हणजे मेंढराचे काका.

त्यांच्या घराला कुलूप. शेजारची म्हातारी म्हणाली, मेंढरं घेऊन गेले, नवराबायको दोघं. कवा? चिठ्ठी मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. "त्या कागदासाठीच तर थांबला होता गं. पाय सुजायलेत म्हणायचा. कागद चांगला आला, मग म्हणला आता फिकीर न्हाई, निघतो."

चांगला आला म्हणून गेले. वाईट आला असता तर थांबले असते. गाडीवर मागं बसून हेच घोकत आले.

ता. ७ डिसेंबर, रविवार

फोन बंद. असणारच, रानात चार्जिंग कुठं. काल दहा वेळा लावला, आज सकाळपासून मोजलं नाही.

दिवसभर गाडीवर. मेंढरं एका जागी राहत नाहीत. शेतकरी बोलावतो, लेंडीखतासाठी दोन-चार दिवस रानात बसवून घेतो, मग पुढचं रान. त्यामुळं रस्त्यानं प्रत्येकाला विचारायचं, कुणाच्या रानात मेंढरं बसली होती का. पहिल्या गावात म्हणाले बसली होती, पण ती दुसऱ्या कुणाची. दुसऱ्या गावात एकानं बांधावर नेऊन दाखवलं, लेंड्या अजून ओल्या. कळपवाल्याचं नाव? नरसिंग. मला हसू आलं अन् रडूपण. विलास म्हणाला, उतर खाली, पाणी पी.

त्या शेतकऱ्यानं सांगितलं, तो गडी बांधावर बसूनच असायचा, मेंढरं बाईच वळायची. तोंड सुजलेलं. गुडघ्याच्या गोळ्या रोज खायचा, मेडिकलमधून पुडी आणून ठेवलेली.

डॉ.ना फोन केला. गोळ्यांचं ऐकून ते म्हणाले, "अरे देवा." डॉक्टर माणसानं असं म्हणावं? मग मला काय उरलं.

आता जिथं मोबाईल वाजतो तिथं मला घाम फुटतो. कुणीतरी सांगंल, अमक्या रानात एक माणूस... पुढचं लिहवत नाही.

ता. ८ डिसेंबर, सोमवार

सापडले. जिवंत आहेत. आधी हे लिहिते.

गोदावरीच्या अंगाला, ऊस तुटलेल्या रानात. उसाच्या शेंड्यांची वाढं खायला मेंढरं सोडलेली, सखूकाकू वळायलेल्या, काका बाभळीखाली घोंगडीवर आडवे. मला बघून उठायला लागले. उठताना हात जमिनीला टेकवला अन् तसाच ठेवला. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडायलाय. सकाळी उलटी होते म्हणाले, पित्त असंल.

मी म्हणलं, काका, दवाखान्यात चला, तुमच्या रक्तात दोष निघालाय. त्यांनी खिशातनं प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत माझी चिठ्ठी, घडी घालून. "हे बग की. तूच दिलीस. ठीक हाय म्हणतंय."

मी काय बोलले? "मशीननं चुकीचं छापलं, काका."

मशीननं! मशीन बिचारं १८८ व्या ओळीवर थांबून मला ओरडून सांगायलं होतं. मीच त्याचं तोंड दाबलं. अन् आता त्याच्याच नावावर.

ते मानेनात. मेंढरं कुणी बघायची, चार दिवसांनी जातो, गावाकडं गेल्यावर दाखवतो. विलासनं समजावलं, काकूंनी समजावलं. मी शेवटी त्यांच्यापुढं जमिनीवर बसले अन् म्हणलं, तुमी न्हाई आलाव तर मीपण उठत नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू आपल्या गावची पोर. शिकलेली. तू म्हणतीस तर येतो." बरोबरच्या कळपवाल्यांनी मेंढरं सांभाळतो म्हणलं. रस्त्यावर येऊन जीप केली.

जीपमध्ये त्यांचं डोकं काकूंच्या खांद्यावर. मी पूर्ण वेळ छातीकडं बघत होते, हलायलीय का.

ता. ९ डिसेंबर, मंगळवार

परभणी. दवाखाना. क्रिएटिनिन ८.१. पोटॅशियमपण वाढलेलं, ते ऐकून सिस्टरांची पळापळ सुरू झाली. दुपारी बारापर्यंत मानेत नळी घालून डायलिसिस लावलं. चार तास. काका आधी नाही म्हणत होते, रक्त बाहेर काढून परत आत घालायचं म्हणल्यावर कोण हो म्हणंल. मला आत बोलावलं. "तू सांग, करू का?" मी म्हणलं, करा काका. केलं.

आमचे डॉ. आले होते. जिन्यात गाठून विचारलं, छपाईत गडबड म्हणजे नेमकं काय? सांगितलं. सगळं, ॲड, कंस, टाळ्या. त्यांना प्रोग्रामिंग कळत नाही, पण हे कळलं. भिंतीला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "लॅबची फाईल मलाही आली होती. मीही उघडली नाही. तुमची यादी होती ना." मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटंल. काही हलकं वाटलं नाही, आता आम्ही दोघं भ्यालेलो एवढंच.

किडनीवाले डॉक्टर म्हणतात, गोळ्यांमुळं बिघडलेली काही परत येऊ शकते, काही येणार नाही. महिनाभरानं कळंल. दोन आठवडे आधी आले असते तर? असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच बघितलं का? का मलाच वाटलं.

ता. ११ डिसेंबर, गुरुवार

दुसरं मशीन, म्हणजे डायलिसिस. सूज उतरायलीय. काकांनी चहा मागितला, अर्धा कपच मिळाला, तर सिस्टरांशी वाद घातला. वाद घालायची ताकद आली म्हणून मला बरं वाटलं.

सखूकाकूंनी सगळ्या वॉर्डासमोर माझी दृष्ट काढली. हातानंच, कडाकडा बोटं मोडून. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायल्या, "ही पोरगी रानोमाळ हुडकत आली. पोटची पोर करणार न्हाई." मला तिथून पळावं वाटलं. मग म्हणाल्या, "पण तुला कसं कळलं गं माय?"

मी म्हणलं, औषध आणते खालून. कोणतंच औषध आणायचं नव्हतं. मेडिकलच्या रांगेत उगाच उभी राहिले अन् नंबर आल्यावर परत फिरले.

ता. १२ डिसेंबर, शुक्रवार

क्लास. पोरींना डिक्शनरीचा उरलेला भाग. की अशी निवडा की जगात दुसऱ्या कुणाची नसंल, नाव कधीही नको. एकीनं विचारलं, "मॅडम, मग ॲडची एरर येते ती घालवायची कशी?" मी एवढ्या जोरात "घालवायची नाही" म्हणले की पहिल्या बाकावरची दचकली. मग पाणी प्यायला बाहेर गेले.

बाकीच्या सहा जणांच्या घरी विलास अन् मी जाऊन बरोबर चिठ्ठ्या देऊन आलो. कुणी काही विचारलं नाही. एकानं तर जुनी चिठ्ठी कुठंय तेच माहीत नाही म्हणलं. मी मात्र प्रत्येक दारात काय बोलायचं ते पाठ करून गेले होते.

आता काकूंना सांगायचंय. सोमवारी सांगते. सांगितलंच पाहिजे. त्या ओरडतील, मारतील, मारू देत. फक्त दृष्ट काढू नये परत.

ता. १५ डिसेंबर, सोमवार

तिसरं मशीन. काका आत, आम्ही दोघी बाहेर बाकड्यावर. काकूंनी फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी मला दिली. मी हातात धरून सांगितलं. दोन नरसिंग, एकच नाव, पहिला पुसला गेला. मशीन थांबलं होतं, मी थांबले नाही. त्यांना कळंल असं सांगत गेले, मधे माझंच मला कळंना.

"म्हणजे कागद खोटा होता?"

"कागद खरा होता, काकू. टपरीच्या काकांचा होता."

"अन् मशीन तुला थांब म्हणलं."

"हो."

त्यांनी आपली अर्धी भाकरी परत फडक्यात ठेवली. आता बोलतील, आता बोलतील. आतून मशीनची पिपाणी वाजली, थांबली.

मग हळूच म्हणाल्या, "ह्यांना सांगू नकोस."

मी म्हणलं, मला सांगायचंय, काकू.

"तुला सांगायचंय. त्यांचं काय?" पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "तू म्हणलीस म्हणून मानेत सुई घेतलीय त्यांनी. डॉक्टरवर इतबार न्हाई त्यांचा, माझ्यावर बी न्हाई. तूच चुकलीस हे कळलं की उठतेत अन् मेंढरामागं जातेत. मग कोण आणतंय त्यांना परत?"

"मग कवा सांगू?"

"ते मला काय म्हाईत."

भाकरी तशीच हातात. खाल्ली शेवटी, नाही खाल्ली तर वाईट दिसंल म्हणून.

साडेतीनला काकांना चाकाच्या खुर्चीवरून बाहेर आणलं. सिस्टरांनी पुढच्या औषधांचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो न बघताच माझ्यापुढं धरला. "तू बग. बरोबर हाय ना?"

मी नाव वाचलं, वडलांचं नाव, खाट नंबर, एकेका गोळीचं नाव. परत पहिल्यापासून वाचलं.

"बरोबर हाय काका."

काकू फडकं झाडायल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. गुरुवारी परत मशीन आहे, मला सकाळीच बोलावलंय काकांनी.